ओझं कुठे ठेवलंय?

जुलै सरत आला की इंग्लंडमधल्या शाळांना सुट्टी लागते आणि नैर्ऋत्येच्या समुद्रकिनाऱ्यांकडे जाणारा एम-5 महामार्ग कॅरॅव्हॅननी भरून जातो. पुढे मध्यम आकाराची एसयूव्ही, मागे चाकांवरचं छोटं घर. एखादी मोठी प्रवासी बस शेजारून पुढे निघते, तिने बाजूला सारलेली हवा कॅरॅव्हॅनच्या उंच भिंतीवर आदळते आणि कॅरॅव्हॅनचा मागचा भाग डोलतो. बहुतेक वेळा एक-दोन हेलकावे खाऊन ती सरळ होते. क्वचित होत नाही. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, कॅरॅव्हॅन पुढच्या गाडीलाही फिरवू लागते आणि काही सेकंदांत दोन्ही वाहनं रस्त्यावर आडवी होतात.

गाडी घेताना सगळे विचारतात, ही किती ओढेल? माहितीपत्रकात आकडा असतो, समजा 2000 किलो. युरोपीय नियमांनुसार हा आकडा मान्य व्हायचा, तर भरलेली गाडी आणि मागचा ट्रेलर या जोडीला 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे. ही कसोटी इंजिनाची आणि क्लचची झाली. सपाट रस्त्यावर ताशी 60 मैलांच्या वेगात तीच जोडी सरळ राहील का, याचं उत्तर त्यात नाही. म्हणून ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅन क्लबांचा जुना सल्ला असा, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन रिकाम्या गाडीच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी एक खास ट्रेलर बांधून त्यातली वजनं आणि चाकांचा आस हवा तसा सरकवून चाचण्या घेतल्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं, की वेगातल्या स्थैर्यावर वजनाच्या मांडणीचा आणि आसाच्या जागेचा फार मोठा परिणाम होतो.

असं का, हे टायरपाशी कळतं. ट्रेलर आडवा सरकू लागला की त्याचे टायर किंचित तिरके धावतात आणि त्या तिरकेपणामुळे त्याला परत ओढणारा जोर तयार होतो. तिरकेपणा ठरतो तो आडव्या वेगाला पुढच्या वेगाने भागून. हेलकावा तोच, पण गाडीचा वेग दुप्पट केला, तर तिरकेपणा निम्मा आणि हेलकावा शमवणारा जोरही निम्मा. म्हणजे वेग वाढत जातो तसं हे शमन दुबळं होत जातं, आणि एका ठरावीक वेगापलीकडे ते उलटंच होतं. तिथून पुढे हेलकावा आपणहून वाढतो. प्रत्येक जोडीचा हा धोक्याचा वेग वेगळा असतो, आणि सामान भरताना आपण तो नकळत ठरवत असतो.

वीस किलोचा तंबू कॅरॅव्हॅनच्या आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवला, तर फिरायला विरोध करणारं त्याचं जडत्व 20 गुणिले अर्ध्याचा वर्ग, म्हणजे 5 एकक. तोच तंबू अडीच मीटर मागे, शेवटच्या कपाटात कोंबला की ते होतं 125. वजन तेवढंच, जडत्व पंचवीसपट. एकदा फिरू लागलेलं असं जडत्व दुबळ्या टायरांना आवरत नाही. जड सामान खाली आणि आसाजवळच ठेवायचं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावी लागणार नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर बसतं. कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती भार टाकतो, हे ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवतात. 1300 किलोच्या कॅरॅव्हॅनसाठी हा भार 65 ते 90 किलो. मोजायला साधा बाथरूममधला वजनकाटा चालतो. कॅरॅव्हॅन सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावायची आणि दांड्याखाली हुकाच्या उंचीला येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा करायचा. मात्र हा भार तरफेसारखा काम करतो. गाडीच्या दोन आसांमधलं अंतर 2.7 मीटर आणि हुक मागच्या आसाच्या मीटरभर मागे असेल, तर 90 किलोंमुळे मागच्या आसावर सुमारे 123 किलो येतात आणि पुढच्या आसावरचे 33 किलो उचलले जातात. स्टिअरिंग तर पुढच्याच चाकांच्या हाती! म्हणून गाडीच्या पुस्तिकेत हुकासाठी दिलेली मर्यादाही पाळावीच लागते.

हे सगळं समजून घेणं आता जास्त गरजेचं झालं आहे. ब्रिटनमध्ये 1997 नंतर परवाना काढणाऱ्यांना मोठा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. ट्रकचालकांचा तुटवडा पडला तेव्हा त्यांच्या परीक्षांसाठी वेळ मोकळा करायला सरकारने ती रद्द केली, आणि 16 डिसेंबर 2021 पासून साध्या परवान्यावर 3500 किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. तिथे स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. मला हा निर्णय घाईचा वाटतो. परीक्षा गेली, तरी पदार्थविज्ञान होतं तिथेच आहे.

हेलकावे सुरू झालेच, तर पहिली ऊर्मी असते उलट स्टिअरिंग फिरवण्याची. एका हेलकाव्याला साधारण एक-दोन सेकंद लागतात. माणसाच्या हाताला तेवढ्यात पोचायला उशीर होतो, त्यामुळे दुरुस्ती चुकीच्या क्षणी पडते आणि हेलकावा वाढतो. जोरात ब्रेक मारणंही वाईट, कारण कॅरॅव्हॅन तिरकी असतानाच मागून गाडीला ढकलते. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा. हल्लीच्या बऱ्याच एसयूव्हींमधली यंत्रणा हा ताल ओळखून डाव्या-उजव्या चाकांना आलटून पालटून ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. तिचा आधार मोठा आहे, पण मागच्या कपाटातला तंबू ती पुढे आणून ठेवत नाही.

ट्रेलरवर बोट ओढत असाल, तर मागच्या ओझ्याची ही अडचण जन्मजात असते, कारण इंजिन अगदी मागच्या टोकाला. त्यात तळाशी साचलेलं पाणी काढायचं राहिलं, तर 50 लिटर म्हणजे 50 किलो ओझं चढावर मागे धावतं. बोट ट्रेलरवर पुढे घेऊन किंवा आस मागे सरकवून तोल साधतात.

आणि किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच उतारावरून ट्रेलर पाण्यात घालू नये. लांबच्या प्रवासाने चाकांची बेअरिंग तापलेली असतात. थंड पाण्यात ती गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत शोषलं जातं. ग्रीस खराब होतं, गंज चढतो, आणि बेअरिंग तुटतं ते काही आठवड्यांनी, भर महामार्गावर. चाकाचा मधला भाग हाताला गार लागेपर्यंत थांबावं आणि बोट पाण्यात सोडली की ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा.