लिव्हरची गोळी पोटात गेल्यावर

पावसाळा लागला, की अकोला-अमरावतीकडे काविळीची भीती वाढते. फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते आणि घरोघर डोळे पिवळे दिसू लागतात. माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी दुकानातून ‘लिव्हरची गोळी’ आणून सुरू केलेली असते. मी विचारले, की उत्तर ठरलेले, ‘‘झाडपाल्याचीच तर गोळी आहे जी, तिनं काय होते?’’

या गोळीचा पोटातला प्रवास समजून घेऊ. ती थेट यकृताकडे जात नाही. आधी ती जठरात विरघळते, मग तिच्यातील द्रव्ये लहान आतड्यातून रक्तात शोषली जातात. तीही सगळी नव्हेत. अशा अनेक गोळ्यांत असणारे सिलिमरिन पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा साधारण 20 ते 50 टक्के भागच शोषला जातो. उरलेला शौचावाटे निघून जातो.

आतड्यातील रक्त एका मोठ्या शिरेने प्रथम यकृतात येते. तेथील विकरे त्या द्रव्याचे रूप बदलतात आणि यकृत ते पित्तातून पुन्हा आतड्यात सोडते. काही भाग परत शोषला जातो, बाकीचा बाहेर पडतो. म्हणजे यकृताला आराम मिळावा म्हणून घेतलेल्या गोळीची उस्तवार यकृतालाच करावी लागते! औषध झाडपाल्याचे असो की कारखान्यातले, हे काम चुकत नाही. रूप बदलताना एखादे द्रव्य कुणाला बाधूही शकते.

धुऱ्यावरच्या निंबावर चढणारी गुळवेल आपल्या ओळखीची. कोरोनाच्या साथीत तिचा काढा घरोघर झाला. 2020 च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉ. आभा नागराल व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही. तरी सावधगिरी बाळगलेली बरी.

मग गोळीने गुण येतो तो कसा? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र गोळीला किंवा गळ्यातल्या माळेला मिळते.

गोळी घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. डबीच सोबत आणा. क्षयाची औषधे चालू असतील किंवा दारूने यकृत बिघडले असेल, तर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका. काविळीचा रुग्ण बरळू लागला, ग्लानीत गेला, त्याला रक्ताची उलटी झाली, किंवा गरोदर बाईला कावीळ झाली, तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठा.

आणि पाणी उकळून प्या. त्याइतकी खात्रीची लिव्हरची गोळी माझ्याजवळ नाही.