चौदा रुपये किलो

विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ तागडीशेजारी पडलेलं दिसलं, म्हणून मी थांबलो. विठ्ठलवाडीत विठ्ठल किलोवर! विनोद बरा होता, पण १९८४ साली आलेल्या, पुढे साहित्य अकादमी मिळवलेल्या त्या ग्रंथाचा पुठ्ठा एक मावशी अंगठ्यानं उचकटायला लागल्या, तेव्हा हसू पळालं.

“पुठ्ठा येगळा, कागद येगळा. पुस्तक चौदा रुपये किलो.”

तेवढ्यात ते सोडवून घेतलं. पुढचे सात-आठ रविवार तिथेच गेले.

टेम्पो येतो, गोण्या उपड्या होतात; पेपर, वह्या, पुस्तकं अशी वाटणी होते. कल्याण-डोंबिवलीत जुन्या इमारती पाडताहेत, त्यांतली कपाटं इथे येतात. डांबरगोळ्यांचा वास आला की मावशी मान वर न करता सांगतात, “म्हाताऱ्या मानसाची गोणी.” तो वास आता मला लोकलमध्येही येतो.

चित्रकलेवरच्या पुस्तकांचे हाल सर्वांत वाईट. आर्टपेपर वजनाला भारी, पण मावशी पानावरून बोट फिरवून म्हणतात, “ह्ये चकचकीत तेल पीत न्हाई.” म्हणजे भजीवालाही घेणार नाही. प्रकाशकांची रड ठाऊक होती, ही नवी.

नवं वैचारिक पुस्तक आपल्याला कळतं ते रविवारच्या पुरवणीतून, नाहीतर दिवाळी अंकातल्या जाहिरातीवरून. मला मात्र त्या ढिगात आठ सुटी पानं मिळाली. पंढरपुरावरच्या कुठल्याशा पुस्तकाची संदर्भसूची; बाकीचं पुस्तक गायब. कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. ग. ह. खरे, ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ : एक खूण. दि. बा. मोकाशी, ‘पालखी’ : एक खूण. देल्युरी, ‘द कल्ट ऑफ विठोबा’, १९६० : दोन. हा देल्युरी मला नवाच. फ्रेंच जेझुइट, आणि पुस्तक छापलं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं!

खूण म्हणजे घरात असलेलं पुस्तक, असं धरून मी गोण्या उपसल्या. खरे निघाले, आवरणाविना. ‘पालखी’ निघालं, कडेनं वाळवी लागलेलं. देल्युरी नाही. दोन्हींचे मिळून सात रुपये झाले. शंभराची नोट पाहून दुकानदारानं कपाळाला हात लावला.

मावशींना म्हटलं, “एक इंग्रजी पुस्तक आलं तर ठेवा. विठोबावरचं आहे.”

“इंग्रजीत इठोबा?” त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. “मला इंग्रजी वाचता येत न्हाई सर. समदीच ठिवते.”

पुढच्या रविवारी दाराशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. अकाउंट्सची गाइडं, एक मोटारीचं मॅन्युअल, दोन डिक्शनऱ्या. एकाचाही पुठ्ठा फाडलेला नव्हता. साडेअकरा किलो भरला. मी सगळा घेतला.