धान्यविपणनाच्या चर्चेतील आकडे : खरे, पण अपुरे

अन्नधान्याच्या विपणनाविषयीचे धोरण हा आपल्या देशात दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. तेव्हापासून किमान आधारभूत किमतीबाबत अनुकूल आणि प्रतिकूल मते मांडली जात आहेत. २०२० चे तीन कृषी कायदे आणि २०२१ मध्ये ते मागे घेण्याचा निर्णय यांमुळे ही चर्चा घरोघरी पोहोचली. मतभेद स्वाभाविकच आहेत. परंतु अशा वादात मांडले जाणारे आकडे पुष्कळदा खरे असूनही अपुरे असतात.

सहा टक्के कशाचे?

‘आधारभूत किमतीचा लाभ केवळ सहा टक्के शेतकऱ्यांना मिळतो’ हे विधान वारंवार ऐकू येते. त्याचा उगम शांता कुमार समितीच्या जानेवारी २०१५ च्या अहवालात आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१२-१३ मधील पाहणीनुसार ५.८ टक्के शेतकरी कुटुंबांनी गहू किंवा भात खरेदी संस्थांना विकला होता. मात्र येथे छेदस्थानी देशातील सर्व शेतकरी कुटुंबे आहेत. केवळ कापूस पिकविणारे आणि घरापुरतेच धान्य पिकविणारेही त्यांत आले.

याउलट, २०२१-२२ च्या रब्बी विपणन हंगामात सरकारी खरेदी सुमारे ४३३ लाख टन गव्हाची झाली. त्या पिकाचे उत्पादन सुमारे १,०९६ लाख टन होते. म्हणजे खरेदीचे प्रमाण जवळजवळ ४० टक्के. पहिले प्रमाण कुटुंबांचे, दुसरे मालाचे. त्यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय पुढच्याच हंगामात उष्णतेची लाट आणि युक्रेन युद्धामुळे चढलेले बाजारभाव यांमुळे खरेदी सुमारे १८८ लाख टनांवर आली. म्हणून एका वर्षाचा आकडा हा नियम मानता येत नाही.

‘खर्चाच्या दीडपट’ म्हणजे किती?

२०२३-२४ मध्ये साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्य मिळून १,४५५ रुपये होतात. त्याच्या दीडपट ही किंमत भरते. परंतु स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरल्यास खर्च १,९११ रुपये होतो आणि त्याची दीडपट २,८६६.५० रुपये येते. ‘दीडपट दिली’ आणि ‘दीडपट दिली नाही’ ही दोन्ही विधाने आपापल्या व्याख्येनुसार बरोबर ठरतात. वाद आकड्यांचा नसून व्याख्येचा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

एककातही अशीच गफलत होते. सरकारी निकषानुसार १०० किलो भातापासून ६७ किलो साधा तांदूळ मिळतो. भाताची खरेदी तांदळाच्या उत्पादनाशी थेट ताडून पाहिल्यास खरेदीचे प्रमाण विनाकारण फुगते.

बँकव्यवहाराशी संबंध

पीककर्जाच्या परतफेडीचा अंदाज बांधताना जाहीर झालेली किंमत हेच उत्पन्न मानण्याचा मोह कर्जदार व अधिकारी या दोघांनाही होतो. वस्तुतः आधारभूत किंमत जाहीर झाल्याने खाजगी व्यापाऱ्यावर त्या दराचे बंधन येत नाही. खरेदी केंद्र जवळपास असणे, ते वेळेवर सुरू होणे आणि मालातील ओलावा ठरावीक मर्यादेत असणे, यांवर शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम अवलंबून असते. हिशेब चुकला तर हप्ता थकतो आणि त्याची झळ प्रथम त्या कुटुंबालाच बसते. यासाठी मागील दोन-तीन हंगामांच्या विक्रीपावत्या हा जाहीर दरापेक्षा अधिक भरवशाचा आधार होय.

ताळेबंद वाचताना ‘हे प्रमाण कशाचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या व्याख्येनुसार?’ असे विचारण्याची सवय बँकेतील प्रत्येकास असते. धान्यधोरणावरील चर्चेतही हेच तीन प्रश्न विचारले गेले, तर मतभेद कदाचित मिटणार नाहीत. पण ते नेमके कशावर आहेत हे तरी स्पष्ट होईल.