पाहुणा खेळाडू कसा जोखावा?

रणजी करंडकाचा हंगाम साधारण ऑक्टोबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो. पुढचे सहा-सात महिने मैदान रिकामे असते, पण येत्या हंगामाचा निकाल बराचसा याच काळात ठरतो. कोण ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार, कोण बाहेरून येणार आणि त्यापायी घरच्या कोणत्या पोराची जागा जाणार, हे तेव्हाच पक्के होते. एका राज्य संघाला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात. पण अकरांतले तीन म्हणजे पाव संघापेक्षा जास्त. एखाद्या गावातला मुलगा पहाटेची गाडी धरून नागपूरला सरावाला जातो, त्याच्या दृष्टीने या तीन जागा लहान नाहीत.

म्हणून प्रश्न असा: पाहुणा आणणे विदर्भाच्या फायद्याचे ठरले की तोट्याचे? गेली अनेक वर्षे मी धावफलकांच्या वह्या ठेवत आलो आहे. त्यावरून माझे मत असे की, पाहुण्याने किती धावा केल्या एवढ्यावर हिशेब संपत नाही. तो गेल्यावर घरात काय उरले, तेही त्याच्या खात्यावर मांडावे लागते.

झाडावरचा माल

आमच्या नरखेड-काटोल भागात हा हिशेब नवा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आंबियाची फुले येतात आणि पावसाळ्यात फळ हिरवे असतानाच व्यापारी बगीचे पाहत फिरू लागतात. सौदा होतो तो झाडावरच्या मालाचा. फळगळ किती होईल, पाऊस कसा राहील, तोडणीच्या वेळी भाव काय असेल, यातले काहीच हाती नसते. लवकर विकणाऱ्याच्या हाती रोकडा येतो आणि जोखीम व्यापाऱ्याकडे जाते. थांबणाऱ्याची जोखीम त्याच्याच घरी राहते. उमेदीचा तरुण खेळाडू हा असाच झाडावरचा माल, आणि नावाजलेला पाहुणा म्हणजे तयार पेटी.

या सौद्याचा सर्वांत बारीक अभ्यास अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये झाला आहे. तिथे संघ आपसांत खेळाडूंची थेट अदलाबदल करतात आणि हिवाळाभर लोक त्यावर वाद घालतात. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सला विजेतेपदाच्या शर्यतीसाठी गोलंदाज हवा होता. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ त्यांच्याच मिशिगन राज्यातला. अलेक्झांडरने पुढचे नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि टायगर्स आपल्या गटात पहिले आले. स्मोल्ट्झ मात्र अटलांटासाठी वीस वर्षे खेळला आणि २०१५ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात गेला. डेट्रॉइटला जे हवे होते ते मिळाले. किंमत पुढच्या वीस वर्षांत चुकती झाली.

असे हिशेब सामान्य वाचकापर्यंत नेणारा बिल जेम्स हा कॅन्सस राज्यातल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. १९७७ मध्ये त्याने आपली आकडेवारीची पुस्तिका स्वतःच छापून विकली. बेसबॉलचा खेळाडू साधारण सत्ताविशीच्या आसपास ऐन भरात असतो आणि संघ मात्र तिशी ओलांडलेल्या नावाला जास्त मोल देतात, हे त्याने आकड्यांनी दाखवले. क्रिकेटला हे वय जसेच्या तसे लावता येणार नाही, पण प्रश्न तोच राहतो: आपण पैसे मोजतो ते झालेल्या धावांचे की होणाऱ्या?

विदर्भाची वही

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो, पण पहिला करंडक आला २०१७-१८ मध्ये. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीवर नऊ गडी राखून विजय मिळाला. त्या संघात वसीम जाफर मुंबईचा आणि गणेश सतीश कर्नाटकचा. दोघेही फलंदाज. गडी बाद करणारे मात्र घरचे होते. अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी त्यांतलाच. सर्वांत जास्त धावाही घरच्याच कर्णधाराच्या, फैज फजलच्या. पुढच्या हंगामात चाळिशी गाठलेल्या जाफरने १०३७ धावा केल्या आणि करंडक घरीच राहिला. म्हणजे उणीव होती तिथेच पाहुणा बसवला होता. पिकत होते तिथे नाही.

२०२३ मध्ये करुण नायर आला. कसोटीत त्रिशतक केलेल्या या फलंदाजाला कर्नाटकच्या संघात जागा उरली नव्हती. २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा केल्या. पण माझ्या वहीत त्याहून मोठी नोंद अंतिम सामन्याची आहे. नागपूरला केरळविरुद्ध विदर्भ ३ बाद २४ असा अडकला होता. नायरसमोर दुसऱ्या टोकाला होता पहिलाच हंगाम खेळणारा २१ वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३, नायर ८६. दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या, मालेवारने ७३. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला.

जाणाऱ्याचाही हिशेब त्याच सामन्यात मांडता येतो. विदर्भाच्या दोन्ही जुन्या करंडकांत वाटा असलेला डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे त्या हंगामात केरळकडे गेला होता. अंतिम सामन्यात त्याने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ७९ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात चार गडी घेतले. तोटा डोळ्यांसमोर दिसत होता. पण डावखुऱ्या फिरकीचा भार आता २२ वर्षांच्या हर्ष दुबेवर आला होता आणि त्याने त्या हंगामात ६९ गडी बाद केले. एका रणजी हंगामातला हा विक्रम आहे.

चार प्रश्न

यावरून दर उन्हाळ्यात विचारावेत असे चार प्रश्न निघतात. पाहुणा येतो ती जागा घरात खरोखर रिकामी आहे का? त्याच्यामुळे कोण बाकावर बसतो आणि त्याचे वय काय? पाहुण्यासोबत मैदानात तरुण उभा असतो का, की पाहुणेच एकमेकांसोबत खेळतात? आणि तो गेल्यावर काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर यंदा मिळू लागले आहे. २०२५ मध्ये नायर कर्नाटकला परतला. त्याच वर्षीच्या दुलीप करंडकात मध्य विभागासाठी मालेवारने २०३ धावा केल्या आणि अंतिम सामन्यात यश राठोडने १९४. राठोड म्हणजे आदल्या रणजी हंगामात ९६० धावा करून नायरच्याही पुढे राहिलेला घरचा फलंदाज. नायरचे मोल त्याच्या ८६३ धावांत जेवढे आहे, तेवढेच या दोन खेळ्यांतही शोधावे लागेल.

पाहुणे नकोतच, असे म्हणणाऱ्यांनी २०१८ आधीची साठ वर्षे आठवावीत. पाहुण्यांशिवाय भागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हर्ष दुबेचे ६९ गडी मोजावेत. करंडक कपाटात राहतो. बाकावर बसलेल्या मुलाचे वय मात्र दर हंगामाला एकाने वाढते. तीन जागा कोणाला द्यायच्या, हे ठरवताना विदर्भाने तो दुसरा आकडाही समोर ठेवला पाहिजे.