झाड लावलें, पाणी कोणीं घालावयाचें?

आषाढ लागला कीं वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. पाहुणे येतात, खड्ड्यांत रोप ठेवलें जातें, झारीनें पाण्याची धार धरली जाते, छायाचित्र निघतें आणि मंडळी चहापानास जातात. त्या रोपाचें पुढें काय झालें, हें विचारण्यास फाल्गुन-चैत्रांत कोणी फिरकत नाहीं. दुसऱ्यांना नांवें ठेवण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. असाच एक समारंभ मीं स्वतः घडवून आणला होता. त्याची जी गत झाली, ती सांगितल्यावांचून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार पोहोंचत नाहीं.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखांत सूर्यमाळ हें एक उंच पठार आहे. हा भाग पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या समाजांची. पीक नागलीचें, वरईचें आणि सखल जागीं भाताचें. पावसाळ्यांत येथें आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. परंतु उतार तीव्र आणि मातीखालीं कातळ, त्यामुळें पाणी ठरत नाहीं. वैतरणेच्या खोऱ्यांतील पाणी धरणांत सांठतें आणि तेथून मुंबईकरांच्या नळांस येतें. चैत्र-वैशाखांत मात्र याच मुलुखांतील बायकांना हंड्यावर हंडा घेऊन लांबच्या विहिरीची वाट तुडवावी लागते, आणि कित्येक पाड्यांचे डोळे टँकरकडे लागलेले असतात.

अशा एका पाड्यावर मी शिक्षक म्हणून गेलों, तेव्हां माझें वय तिशीचें होतें. १९९४ च्या पावसाळ्यांत पाड्याच्या रस्त्यावर दुतर्फा झाडें लावण्याचें माझ्या मनानें घेतलें. रोपवाटिकेंतून साठ रोपें आणिलीं. त्यांत बहुतेक गुलमोहर, थोडे करंज. मुलांची प्रभातफेरी काढली, घोषणा दिल्या, आणि एका दिवसांत साठ खड्डे भरून टाकले. त्या रात्रीं मला फार समाधानाची झोंप लागली, हें कबूल केलें पाहिजे.

दिवाळी झाली. भातकापणी आटोपून निम्मा पाडा नेहमींप्रमाणें वीटभट्टीच्या कामावर निघून गेला. घरें कड्या लावून बंद झालीं. मोकळीं सुटलेलीं गुरें व शेळ्या रस्त्यानें फिरूं लागल्या. शिमग्याला लोक परत आले, तेव्हां मीं मोजदाद केली. साठांपैकीं चार रोपें जिवंत होतीं. त्यांतील तीन तर काड्याच होत्या. एक करंज तेवढा तजेलदार होता, आणि तो एका म्हातारीच्या दारापुढें होता.

मला वाईट वाटलें, आणि त्याहून अधिक राग आला. त्या भरांत मी म्हातारीपाशीं बोललों, “आजी, तुम्ही एकट्यांनीं झाड जगविलें. बाकीच्यांना पाणी घालावयास काय झालें होतें?” ती शांतपणें म्हणाली, “गुरुजी, पाणी कोणाच्या डोक्यावरून यायचें, तें तुम्ही विचारलें होतें काय?”

या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं रोपें मोजलीं होतीं, खड्डे मोजले होते. पण विहिरीपासून पाड्यापर्यंतच्या खेपा मोजल्या नव्हत्या. रस्त्यावरचें प्रत्येक रोप म्हणजे एखाद्या सुनेच्या किंवा मुलीच्या डोक्यावर चढविलेला आणखी एक हंडा होता, आणि तो चढवितांना तिला मीं एका शब्दानेंही विचारलें नव्हतें.

संस्कृताच्या अभ्यासामुळें वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेद मला ठाऊक होता. सहाव्या शतकांतील हा ज्योतिषी रोपांना पाणी कधीं घालावें हें स्पष्ट सांगतो: उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हातांहून कमी नसावें, हेंही तो सांगतो. कारण झाडें एकमेकांस भिडलीं व मुळें गुंतलीं म्हणजे फळ नीट येत नाहीं. अंतराचा नियम मीं पाळला होता. पाण्याचा नियम पाठ होता, पण तो पाळावयाचा कोणीं, हा विचार मला शिवला नव्हता. सम्राट अशोकानें आपल्या स्तंभलेखांत, मनुष्यांस व पशूंस सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लाविले, असें कोरून ठेविलें आहे. तेथेंच विहिरी खणविल्याचाही उल्लेख येतो. आपण शाळेंत वड तेवढे लक्षांत ठेवतों आणि विहिरी विसरतों.

पुढें १९९६ च्या उन्हाळ्यांत, म्हणजे रोपें आणण्याच्या आधींच, मी घरोघर गेलों. ‘तुमच्या दारापुढें झाड हवें काय? हवें तर कोणतें?’ एवढेंच विचारावयाचें ठरविलें होतें. उत्तरें ऐकून माझे डोळे उघडले. गुलमोहर कोणालाच नको होता. मूळ मादागास्करचें हें झाड; फुलतें सुंदर, पण फांद्या ठिसूळ, वादळांत मोडून पडतात; शिवाय त्याचें खाण्यास कांहीं मिळत नाहीं. कोणी जांभूळ मागितलें, कोणी आंबा, कोणी करंज, कोणी शेवगा. दोन घरांनीं झाड नकोच म्हणून सांगितलें. एकाला अंगणांत धान्य वाळविण्यास ऊन हवें होतें, दुसऱ्याला मुळांमुळें भिंत फुटण्याची भीति होती. दोन्ही कारणें खरीं होतीं. मीं वाद घातला नाहीं.

खरा वाद निघाला तो फळांवरून. झाड रस्त्याचें, म्हणजे आंबे कोणाचे? बैठक बसली आणि दोन तास चालली. शेवटीं वृद्ध मंडळींनीं निवाडा दिला कीं, जें घर पाणी घालील त्याचें फळ. सावली मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांची. भट्टीवर जाणाऱ्या घरानें जाण्यापूर्वीं शेजारच्या, मागें राहणाऱ्या घराला झाड सोंपवावयाचें आणि फळांत त्याला वांटा द्यावयाचा, हेंही ठरलें. मला हा तोडगा सुचला नसता.

पाण्याची युक्ति त्या म्हातारीनेंच दाखविली. ती भांडीं व तांदूळ धुतल्याचें पाणी मोरीवाटे वाया न घालवितां त्या करंजाला घालीत असे. त्यासाठीं वेगळी खेप लागत नव्हती. त्याला आम्हीं मडक्याची जोड दिली. मडक्याच्या बुडाशीं बारीक भोंक पाडून त्यांत चिंधीची वात बसवावयाची, मडकें रोपाशेजारीं गळ्यापर्यंत पुरावयाचें, भरावयाचें आणि वर झांकण ठेवावयाचें. पाणी उन्हानें उडून न जातां थेंब थेंब मुळांशीं झिरपतें, आणि झांकणामुळें डांसही होत नाहींत. बुंध्याभोंवतीं पालापाचोळ्याचा जाड थर आणि सभोंवार करवंदीच्या काट्यांचें कुंपण, एवढ्यानें ऊन व शेळ्या या दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त झाला. त्या वर्षीं साठ नव्हे, बावीसच रोपें लागलीं. तिसरा उन्हाळा काढून सतरा उरलीं. तीन उन्हाळे पार पडले कीं मुळें खोल जातात आणि झाड आपलें आपण पाहूं लागतें.

शहरांतील वाचक म्हणतील कीं, आमच्या दाराशीं नळ आहे. हा सूर्यमाळचा धडा आम्हांस कशाला? माझ्या मतें तो तेथेंही लागू आहे. मुंबईत १८९६ सालीं प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेच्या वसाहती आंखल्या. त्यांतील पारशी कॉलनी मंचेरजी जोशी या पारशी स्थापत्यविशारदानें उभारली, आणि तेथील रस्त्यांवर ओळीनें झाडें लाविलीं. तेथील दाट सावली आजही मुंबईकरांच्या कौतुकाचा विषय आहे, कारण त्या झाडांना आपलें म्हणणारे रहिवासी पिढ्यान्पिढ्या तेथें राहिले. उलट, शासनानें २०१९ च्या पावसाळ्यासाठीं महाराष्ट्रांत तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. अशा मोठ्या आंकड्यांपुढें माझा प्रश्न त्या म्हातारीचाच आहे: प्रत्येक रोपामागें एक घर आहे काय?

शहरांत पाणी असतें, तर माती नसते. पदपथ करतांना बुंध्याच्या सालीपर्यंत सिमेंट ओततात. मग मुळांना ना पाणी, ना हवा, आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला झाड आडवें होतें. दिल्लींतील अशा झाडांविषयीं राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ सालीं आदेश दिला कीं, बुंध्याभोंवतालचें एक मीटर अंतरांतील काँक्रीट काढावें. आपल्या दारापुढील झाडापाशीं जाऊन वाचकांनीं एकदां हें अंतर मोजून पाहावें. आपल्या राज्यांत नागरी भागांतील झाडांसाठीं १९७५ चा कायदा आहे. त्याअन्वयें परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. परंतु कायदा तोडणाऱ्याचा हात धरतो; पाणी घालणारा हात तो कोठून आणणार?

म्हणून ज्या आळींत किंवा वसाहतींत झाडें लावावयाचीं असतील, तेथील मंडळींनीं खड्डे खणण्यापूर्वीं घरोघर जावें. झाड कोणाला हवें, कोणतें हवें, वर विजेच्या तारा व खालीं गटार आहे काय, आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हें विचारून लिहून घ्यावें. नको म्हणणाऱ्यावर सक्ति करूं नये. त्याच्या दारचें झाड मरतेंच. एकत्र कुटुंबांत हें काम मुलांकडे द्यावें, पण पाणी भरण्याचा भार पुन्हां घरांतील बायकांवरच पडत नाहीं ना, हें वडीलमाणसांनीं पाहावें. तांदूळ व भाजी धुतल्याचें पाणी मोठ्या कुटुंबांत रोज बादलीभर सहज निघतें. एका झाडाला तें पुरेसें आहे.

निवृत्त झाल्यावर एका वैशाखांत मी त्या पाड्यावर जाऊन आलों. सतरांपैकीं अकरा झाडें उभीं आहेत. कांहीं रस्ता रुंद करतांना गेलीं, कांहीं वादळांत. ती म्हातारी आतां नाहीं. तिच्या दारचा करंज मात्र चांगला डेरेदार झाला आहे. भर दुपारीं दोन बायका विहिरीवरून येत होत्या. त्यांनीं हंडे त्या करंजाखालीं उतरविले, पदरानें तोंड पुसलें आणि क्षणभर टेंकून बसल्या. उठतांना एकीनें ओंजळभर पाणी बुंध्याशीं टाकलें. त्या मोठ्या झाडाला त्याची कांहीं गरज नव्हती. मी कांहीं न बोलतां पुढें निघालों.