पहिली पुडी मित्राच्या हातून

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत गोदावरीच्या काठी शिक्षणाची एक वसाहतच उभी राहिली आहे. श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था येथे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतून येणारी कित्येक मुले येथे प्रथमच घराबाहेर राहतात. नव्या ठिकाणी त्यांना सर्वांत आधी हवी असते ती सोबत.

व्यसनाचा शिरकाव बहुधा याच गरजेतून होतो. पहिली पुडी सहसा कोणी विकत घेत नाही. ती मित्राच्या हातून मिळते. ग्रामीण भागात तंबाखू-चुन्याची देवघेव ही ओळखीची खूणच मानली जाते. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, शेताच्या बांधावर अनोळखी माणसेही एका चिमटीवरून बोलू लागतात. पुढे केलेली चिमूट नाकारणे म्हणजे जणू त्या माणसाचाच अव्हेर! हा संस्कार घेऊन वसतिगृहात आलेल्या मुलाला ‘नको’ म्हणणे जड जाते. तेथे कोणी बळजबरी करीत नाही. चौघे हसले तरी पुरते. शिवाय मनातून नको असलेला दुसराही गप्पच बसतो, त्यामुळे प्रत्येकाला आपणच एकटे वेगळे असल्यासारखे वाटते. पालक ‘वाईट संगत’ म्हणून दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवितात. त्या मुलाच्या घरीही हेच बोलले जात असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास केलेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. रेषांची लांबी ओळखण्याच्या साध्या प्रश्नावर सोबतचे सर्वजण मुद्दाम चुकीचे उत्तर देऊ लागले, की सुमारे एकतृतीयांश वेळा एकटा पडलेला माणूसही तेच उत्तर देई. मात्र सोबत्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी हे प्रमाण झपाट्याने घटे. खोलीतल्या एका मुलाच्या ‘नको’चे मोल त्यावरून कळते.

कायदा आपल्या परीने आहेच. २००३ च्या अधिनियमानुसार शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, तसेच अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये मुलाला तंबाखू, मद्य वा अमली पदार्थ देणे हा सात वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासास पात्र गुन्हा आहे. परंतु शाळेच्या व्हरांड्यात गुरुजीच तंबाखू मळत असतील आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत चुन्याची डबी फिरत असेल, तर मुले शिकतात ती त्या डबीपासूनच.

पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांत समूहाला महत्त्वाचे स्थान आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे नव्याने आलेल्यांना आधार देतात. वसतिगृहांतही वरच्या वर्गातील निर्व्यसनी विद्यार्थ्यांना नवागतांचे सोबती म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच नेमता येईल. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. व्यसन जडलेच असेल, तर १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांकावर विद्यार्थी, पालक वा शिक्षक यांपैकी कोणालाही सल्ला घेता येतो.