दैवाच्या खातीं मांडलेले मृत्यू

खारेपाटणच्या बाजारांत अशी पेढी क्वचितच सांपडेल, कीं जिचा मालक रोजकीर्द लिहिल्यावांचून रात्रीं दुकानाला कुलूप लावतो. दहा रुपयांची उधारी राहिली तरी ती खतावणींत चढते, आणि दिवाळीपूर्वीं तिचा तगादा होतो. परंतु त्याच बाजारापासून हांकेच्या अंतरावर एखादा तरुण महामार्गावर मोटारसायकलीवरून पडून मेला, सड्यावर गवत कापतांना एखादी बाई फुरसें चावून मेली, किंवा आंब्याच्या कलमावरून कोसळून एखादा गडी जन्माचा लुळा झाला, तर ती रक्कम गांवाच्या कोणत्याहि वहींत चढत नाहीं. ‘त्याची वेळ भरली होती’, ‘प्राक्तनांत होतें’, असे चार शब्द बोलून ती दैवाच्या खातीं मांडली जाते. आणि दैवाकडे तगादा लावण्याची सोय नसल्यामुळें तें खातें तेथेंच बंद होतें.

मनुष्य तापानें मेला तर त्याचे आप्त वैद्यास दोष देतात, पाण्यास दोष देतात, निदान गांवांतील गटाराकडे तरी बोट दाखवितात. पडून, बुडून, चिरडून, भाजून किंवा दंश होऊन मेला तर मात्र दोष देण्यास कोणी उरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें साऱ्या जगांत इजेमुळें मरणाऱ्यांची संख्या दरसाल ४४ लाखांच्या घरांत आहे. आपल्या देशांत एकट्या २०२२ सालीं सरकारदप्तरीं ४,३०,५०४ अपघाती मृत्यू नोंदले गेले; आत्महत्या १,७०,९२४ झाल्या, त्या निराळ्या. एवढ्या मृत्यूंस ‘अपघात’ हा एकच शब्द लावून आपण मोकळे होतों. परंतु जें दर पावसाळ्यांत, त्याच वळणावर किंवा त्याच वहाळांत, बहुधा त्याच वर्गाच्या माणसांवर येतें, त्यास अकल्पित म्हणणें ही शुद्ध आत्मवंचना होय. अकल्पित तें असतें कीं जें कोणी कल्पिलें नाहीं. आपण तर हें दरसाल डोळ्यांनीं पाहतों.

मोजदाद ही या गांवास परकी गोष्ट नव्हे. येथें सांपडलेला रट्टराज शिलाहाराचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट इतिहासाभ्यासकांस सुपरिचित आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें एक गद्याण सोनें देवस्थानास द्यावें, असें त्यांत कोरलेलें आहे. हजार वर्षांपूर्वीं या खाडींत शिरणारें गलबत हिशेबाबाहेर राहत नव्हतें. पुढें इंग्रजी अमदानींत, खारेपाटण रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असतांना, फुरशांस मारून आणणारास बक्षीस लावण्यांत आलें, तेव्हां १८६२ सालीं त्या जिल्ह्यांत आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशीं हजर करण्यांत आलीं. हा आंकडा एकेरीपर्यंत चोख आहे, कारण प्रत्येक फुरशामागें पैसा द्यावयाचा होता. पैसा द्यावयाचा किंवा घ्यावयाचा असला म्हणजे आम्हांस मोजतां येतें, एवढें यावरून सिद्ध होतें.

आतां माणसांची मोजदाद पाहा. सर्पदंशासंबंधीं केंद्र सरकारनें २०२४ च्या मार्चांत जी राष्ट्रीय कृतियोजना प्रसिद्ध केली, तींत सरकारी आरोग्यखात्याकडे दरसाल सुमारें दोन हजार सर्पदंशमृत्यूंची नोंद होते असें म्हटलें आहे. उलटपक्षीं, घरोघर जाऊन मृताच्या आप्तांस विचारपूस करून मरणाचें कारण ठरविण्याची जी मोठी पाहणी या देशांत झाली, तिच्या आधारें २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, असा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दोन हजार कोठें आणि अठ्ठावन हजार कोठें! एखाद्या मुनिमानें असा ताळेबंद पुढें ठेवला तर आमचे व्यापारी वाचक त्यास दुसऱ्या दिवशीं पेढीवर बसूं देतील काय?

हा फरक कोणी मुद्दाम पैदा केलेला नाहीं. मनुष्य घरीं मरतो, दवाखान्याच्या वहींत त्याचें नांव येत नाहीं. ग्रामपंचायतींत मृत्यूची नोंद होते, परंतु कारणाचा वैद्यकीय दाखला तिला जोडलेला नसतो. २०२० सालीं देशांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं अवघ्या २२.५ टक्क्यांस असा दाखला होता. आणि घरीं कां मरतो, हें आम्ही सांगण्याची गरज नाहीं. दंश झाल्याबरोबर पहिला निरोप जातो तो उतारा करणाराकडे. तो मंत्र घालतो, मुळी उगाळतो, वर दोरी आवळतो. बिनविषारी सापाचा दंश असला म्हणजे यश त्याचें, आणि विषारी असला म्हणजे ‘उशीर केलात’ म्हणून दोष रोग्याच्या माणसांचा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, विंचू किंवा कुत्रें चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला आहे. ज्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनीं या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्यानंतरच कायद्याचा हुकूम निघाला. इतकी किंमत देऊन मिळालेला कायदा गांवांत कोणास ठाऊक नसावा, हें आम्हांस अत्यंत लाजिरवाणें वाटतें.

उपाय तरी काय अवघड आहे? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें, आणि सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें. दंशाच्या जागीं चिरा देऊं नये, तोंडानें रक्त ओढूं नये, दोरी आवळूं नये. हात किंवा पाय मोडला असतां जसा पट्टीला बांधून स्थिर ठेवतात तसा ठेवावा, रोग्यास चालवूं नये, आणि तडक दवाखाना गांठावा. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास डंसते, आणि तिच्या दंशाची वेदना बहुधा नसते. पहांटे पोटांत दुखतें, पापण्या मिटूं लागतात, आणि घरचे लोक अजीर्ण झालें म्हणून ओवा देत बसतात. खाटेवर निजणें आणि मच्छरदाणी खोंवून घेणें एवढ्यानें हा दंश बव्हंशीं टळतो.

नोंद ठेवल्यानें माणूस कसा वांचतो, याचा दाखला आमच्याच महामार्गावर, महाडच्या बाजूस घडला आहे. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें तेव्हां कोंकणांत धडधाकट माणसें व लहान मुलें मरत असत. विंचू चावला, मूल गेलें, एवढेंच लोक म्हणत. या वैद्यानें खाटेशीं बसून प्रत्येक रोग्याची नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांचें टिपण ठेवलें. त्या टिपणांतून हें विष हृदयास आणि फुप्फुसांस कसें घेरतें तें त्यास उमगलें. १९८२ सालीं त्याचीं निरीक्षणें लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर पत्रांत छापून आलीं. पुढें रक्तदाबावरील प्राझोसीन नांवाची एक साधी, स्वस्त गोळी त्यानें या दंशावर वापरली, आणि जेथें गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीसचाळीस दगावत, तेथें एकदोन दगावूं लागले. २०२२ सालीं सरकारनें त्यांस ‘पद्मश्री’ दिली. बिरवाडीस कांहीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. जें खारेपाटणच्या आरोग्य केंद्रांत आज आहे, त्याहून तेथें फार अधिक होतें असें आम्हांस वाटत नाहीं. लिहून ठेवणारा मनुष्य मात्र होता.

रस्त्याची गोष्ट निराळी. तेथील मरण चव्हाट्यावर होतें, पोलीस येतात, पंचनामा होतो. अलीकडे तर प्रत्येक अपघाताची जागा संगणकांत टिपण्याची वहिवाट सुरू झाली आहे. म्हणूनच रस्त्याचे आंकडे बरेचसे भरंवशाचे आहेत. २०२२ सालीं महाराष्ट्रांत ३३,३८३ रस्ते अपघातांत १५,२२४ माणसें मेलीं. साऱ्या देशांत त्या सालीं रस्त्यावर जीं १,६८,४९१ माणसें मेलीं, त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं, आणि ५०,०२९ माणसांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. आमच्या बाजारांत हेल्मेट आरशाला किंवा कोपराला अडकवून फिरणारे तरुण आम्ही रोज पाहतों. कोपर फुटून कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं.

मुंबईहून येणारास सिंधुदुर्गाचें पहिलें दार खारेपाटण. याच महामार्गावर १९ मार्च २०१३ रोजीं खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खासगी बस खालीं कोसळून ३७ माणसें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतील पूल पुरांत वाहून गेला, आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह कित्येक माणसें अंधारांत नाहींशीं झालीं. नंतर त्याच नदीवर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. वर्षानुवर्षें रखडणारें काम एवढ्या त्वरेनें कसें झालें? मृत्यू एका रात्रींत, एका जागीं, सर्वांच्या देखत झाले म्हणून. तेवढींच माणसें वर्षभरांत एकेक करून चाळीस गांवांत मेलीं असतीं तर एक खांबहि उभा राहिला नसता.

अपघातांत सांपडलेल्यास उचलावयास लोक भितात, पोलिसांचें लचांड मागें लागेल म्हणतात. ही भीति आतां निराधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें मदत करणारास संरक्षण दिलें आहे, त्याच्यावर नांव सांगण्याची सक्ति नाहीं. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक २०१४ पासून आहे, आणि ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातांतील जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरतां व्हावा असा सरकारी नियम झाला आहे. तथापि नियम कागदावर आणि जखमी रस्त्यावर! येथून कणकवली, तेथून ओरोस, तेथून कोल्हापूर नाहींतर गोव्याचें बांबोळी, अशी जी यात्रा जखमीस घडते, तींत पहिला मोलाचा तास तालुक्याच्या सीमेच्या आंतच सरतो. या यात्रेंतील प्रत्येक मुक्कामाची वेळ कोणी लिहून ठेवील तर पुष्कळ गोष्टी आपोआप उघड्या पडतील.

पाण्याविषयीं बाजारपेठेच्या लोकांस आम्ही काय सांगावें? शुक नदीचें पाणी पेठेंत शिरूं लागलें, कीं रात्रीं-अपरात्रीं नोकरांकरवीं माल माळ्यावर चढविण्याची धांदल आम्हांस ठाऊक आहे. गुडघाभर पाण्यांत, विजेचा मुख्य खटका चालू ठेवून, पन्नास किलोंचें पोतें पाठीवर घेतलेला हमाल कोणत्या धोक्यांत आहे, याचा विचार पोत्याच्या मालकानें करावयाचा नाहीं तर कोणी? साकवावरून पाणी जात असतां ‘मी पैलाड जाऊन दाखवितों’ म्हणणारे वीर, आणि कठडा नसलेल्या विहिरी, यांविषयीं पुन्हां केव्हां तरी लिहूं.

झाडावरून पडणारांचें दुःख आम्हांस अधिक बोंचतें. आंब्याच्या हंगामांत देवगडपासून राजापुरापर्यंतच्या बागांत नेपाळांतून आलेले गडी राबतात. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें काढलेला ‘नूतन झेला’ जमिनीवरून बरीच फळें उतरवितो, तरी उंच फांदीसाठीं मनुष्य चढतोच, आणि त्याच्या कंबरेला दोर नसतो. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची अपघात अनुदान योजना आहे. तींत मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात, आणि सर्पदंश, बुडणें, वीज, झाडावरून पडणें हीं सारीं कारणें बसतात. परंतु ती सातबारावर नांव असलेल्या शेतकऱ्यास आणि त्याच्या कुटुंबांतील एकास आहे. ज्याच्या नांवें जमीन नाहीं, आणि ज्याचें घर हिमालयाच्या कुशींतल्या खोऱ्यांत आहे, त्याच्या विधवेस बागमालकाच्या मनाच्या मोठेपणावांचून दुसरा आधार नाहीं. ज्यांचा हक्क आहे तेहि तो घालवितात. पंचनामा व शवचिकित्सा टाळून रातोरात अग्नि देतात, आणि मग पुराव्याचे कागद मागितले म्हणजे कचेरीस शिव्या देतात.

इजेच्या मृत्यूंत स्वतःच्या हातानें ओढवून घेतलेला मृत्यूहि येतो. अब्रूसाठीं तो ‘चुकून’ म्हणून लिहविला जातो. श्रीलंकेनें अत्यंत जहाल कीटकनाशकें विक्रींतून काढून टाकलीं, तेव्हां पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सत्तर टक्क्यांनीं उतरलें. औषधें विकणाऱ्या आमच्या दुकानदारांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, आणि घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानें एकटाच आलेला गिऱ्हाईक दिसल्यास माल देण्याआधीं त्यास बसवून पाणी द्यावें, दोन शब्द बोलावें, आणि त्याच्या घरीं निरोप धाडावा.

पोलीस ठाण्यांत आकस्मिक मृत्यूंची वही आहे, आरोग्य केंद्रांत रोग्यांची, रुग्णवाहिकेंत फेऱ्यांची, ग्रामपंचायतींत मृत्यूंची. या चार वह्या गांवकऱ्यांपुढें एकत्र मांडल्या गेल्याचें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. आमची सूचना अशी आहे. ग्रामसभेनें ठराव करून पांचवी एक वही घालावी. तींत कोणाचें नांव नको. इजा कशी झाली, कोठें, किती वाजतां, पहिला उपचार किती वेळानें मिळाला, आणि मनुष्य वांचला, लुळा झाला कीं गेला, एवढे रकाने पुरेत. ती लिहिण्याचें काम व्यापारी मंडळींनीं अंगावर घ्यावें, कारण लिहिण्याची संवय त्यांस आहे, आणि दरसाल २ ऑक्टोबरच्या सभेंत ती मोठ्यानें वाचावी.

तोंपर्यंत एक काम उद्यांच होण्याजोगें आहे. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वीं आरोग्य केंद्रांत जाऊन सर्पविषावरील प्रतिविषाच्या कुप्या किती शिल्लक आहेत, त्या कोणत्या महिन्यापर्यंत चालतील, आणि रात्रीं त्या टोंचणारा वैद्य हजर असतो काय, हें कोणी तरी विचारावें व तो आंकडा बाजारांतील फळ्यावर खडूनें लिहावा. विचारणारास उत्तर मिळालें तर तें, आणि न मिळालें तर तेंहि, आमच्याकडे पाठवावें. आम्ही दोन्ही सारख्याच ठळक टाइपांत छापूं.